सुटका कुणाची?



'सुटका' हा आपल्या कामातला रोजचा शब्द. पोलीस ठाण्यात, आधारगृहात, केसपेपरवर तो सहज लिहिला जातो. अमेरिकेत टेक्सासच्या सरहद्दीवर, जिथे गोरे वसाहतकरी मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावत होते, तिथल्या दोघींची हकिगत वाचली आणि या शब्दाला जरा उलटेसुलटे प्रश्न विचारावेत असं वाटलं.

सिंथिया ॲन पार्कर ही वसाहतकऱ्यांची मुलगी. १८३६ साली कोमांची आणि त्यांच्या सोबतीच्या जमातींनी पार्करांच्या गढीवर हल्ला केला, माणसं मारली आणि नऊ-दहा वर्षांच्या सिंथियाला पळवून नेलं. हा हिंसाचारच होता. त्यावर प्रेमकथेचं पांघरूण घालायचं कारण नाही. पण ती कोमांचींत वाढली, पेटा नोकोना या सरदाराशी तिचं लग्न झालं, तीन मुलं झाली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सनी छावणीवर छापा घातला आणि तिला कडेवरच्या मुलीसकट 'सोडवलं'. विधिमंडळाने जमीन दिली, वर्षाला १०० डॉलर मंजूर केले. परत जाऊ मात्र दिलं नाही. ती पळून जाण्याचा प्रयत्न करत राहिली. काही वर्षांत मुलगी वारली, १८७०च्या सुमारास तीही गेली. मुलगे पुन्हा भेटलेच नाहीत.

दुसरी मिली डर्गन. ऑक्टोबर १८६४ मध्ये एल्म क्रीकवर कायोवा-कोमांचींनी केलेल्या हल्ल्यात तिची आई मारली गेली. दीड वर्षाची मिली कायोवा घरात सेंटोहूडी म्हणून वाढली. गूंबी या कायोवा पुरुषाशी तिने संसार केला आणि १९३४ मध्ये कायोवा म्हणूनच ती वारली. तिला कुणी सोडवलं नाही, म्हणून तिचं घर टिकलं. पण त्याच हल्ल्यात धरून नेलेली आणि वर्षभराने सुटलेली तिची आजी, नात जिवंत आहे म्हणत १८८२ मध्ये मरेपर्यंत तिच्या वाटेकडे डोळे लावून होती. या आजीचं काय करायचं, हे मला सोडवता येत नाही.

आणि पळवून नेलेली मुलं परत मागणाऱ्या त्याच शासनाने पुढे कायोवा मुलांना घरापासून तोडून रेनी माउंटनच्या वसतिशाळेत (१८९३-१९२०) घातलं, त्यांची भाषा बंद केली. त्याला मात्र शिक्षण म्हटलं गेलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. फाळणीत पळवलेल्या स्त्रियांच्या परतीसाठी आपण १९४९ साली कायदा केला. त्यात 'अपहृत व्यक्ती' कोण? सोळा वर्षांखालचा मुलगा, आणि कोणत्याही वयाची स्त्री! पन्नाशीची बाईसुद्धा अज्ञान. नरकातून सुटल्या अशा कितीतरी होत्या. पण ज्यांना नव्या घरी राहायचं होतं, पोटची मुलं सोडायची नव्हती, त्यांच्या 'नाही'ला त्या कायद्यात जागा नव्हती.

घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली सज्ञान मुलगी आजही आपल्याकडे आणली जाते. कुणी आणली, कुणाच्या ताब्यात दिली, हे कागदावर लगेच चढतं. तिचा जबाब सवडीने, आणि पुष्कळदा आईवडील समोर बसलेले असताना. आपल्या संस्थांच्या छापील अर्जांत तिच्या म्हणण्याचा रकाना कितवा आहे, हे प्रत्येक गटाने पाहून ठेवावं. पुढच्या बैठकीत ते अर्ज समोर ठेवूनच बोलू.