वळचणीचा बर्फ आणि पोटमाळ्यातली ऊब

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले. मुलगा आणि सून अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहतात. उन्हाळ्यात त्यांनी तिथे एक जुने लाकडी घर विकत घेतले. हिवाळा लागला तशी वळचणीच्या कडेने जाड, काचेसारख्या बर्फाची भिंत उभी राहिली आणि एके सकाळी हॉलच्या छताला पिवळा ओला डाग दिसला. मुलाच्या अब्बांनी फोनवर सल्ला दिला, "शिडी लाव, वर चढ आणि कुऱ्हाडीने फोडून टाक." सून घाबरली आहे. भगिनी विचारतात, कोणाचे ऐकायचे?

सुनेचे ऐकायचे.

अब्बांचा सल्ला आपल्या मातीतला आहे, त्यात त्यांचा दोष नाही. कोकणात मे महिन्यात घर शाकारायचे, फुटके कौल बदलायचे, पावसात गळायला लागले की कोणीतरी वर चढायचे, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. गळती म्हणजे छपराला भोक, ही आपली समजूत. पण मिनेसोटा, बोस्टन, टोरांटो या बाजूला छप्पर अगदी धड असूनही घर गळते. कारण पाणी वरून पडलेले नसते. ते छपरावर तयार झालेले असते, आणि तयार करणारी असते घरातलीच ऊब.

आम्ही शिक्षकी पेशाचे, त्यामुळे हे फळ्यावर आकृती काढल्यासारखे सांगतो. बाहेर शून्याखाली दहा अंश, घरात हीटरमुळे वीस अंश. गरम हवा वर जाते. छताला जिथे जिथे फट असेल तिथून ती पोटमाळ्यात शिरते आणि छपराच्या फळ्या आतून तापवते. छपरावर फूटभर बर्फ पडलेला असतो. हा भुसभुशीत बर्फ स्वतःच गोधडीसारखा असतो. तो बाहेरची थंडी फळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून त्याचा सर्वांत खालचा थर वितळतो आणि पाणी बर्फाखालून गुपचूप उतरत वळचणीकडे येते. वळचण तर भिंतीच्या बाहेर आलेली, तिच्याखाली घर नाही, ऊबही नाही. तिथे पोचताच पाणी पुन्हा गोठते. रोज थोडे थोडे गोठून बांध तयार होतो. इंग्रजीत याला आइस डॅम म्हणतात, म्हणजे बर्फाचे धरण, आणि नाव अगदी नेमके आहे. धरणामागे पाणी तुंबते.

तिकडच्या बहुतेक घरांवर शिंगल असतात, म्हणजे डांबराचे चपटे तुकडे, आपल्या कौलांसारखेच एकावर एक लावलेले. ते पाणी खाली वाहून जावे म्हणून असतात, तुंबलेले पाणी अडवण्यासाठी नव्हेत. आपल्या पन्हळीत पाला अडकला आणि पाणी मागे चढले तर कौलाखालून जसे आत येते, तसेच हे.

पागोळ्या गोठून लोंबणारे बर्फाचे लोलक फोटोत फार सुंदर दिसतात. फोटो बघून आपण 'माशाअल्लाह' लिहितो. पण वळचणीला ओळीने जाड लोलक लटकत असतील, तर ऊब छपरातून निसटते आहे, अशी शंका घ्यायला हवी. बर्फ पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी रस्त्यावर उभे राहून शेजारच्या घरांशी तुलना करावी. ज्याचे छप्पर सारखे पांढरे राहिले, त्याचा पोटमाळा थंड आहे. ज्याच्यावर ठिगळे पडली, त्याच्या छताला त्या ठिगळांखाली फटी असण्याची शक्यता आहे. ही परीक्षा फुकट आहे.

आता आज काय करायचे, ते सांगतो. वर चढायचे नाही. बर्फाळ शिडी आणि बर्फाळ छप्पर, त्यात हातात कुऱ्हाड! माणूस पडतो, आणि पडला नाही तर शिंगल फुटतात; मग खरोखरचे भोक पडते. लोलकांखाली मुलांना खेळू देऊ नये. छपरावरचा मऊ बर्फ काढण्यासाठी लांब दांड्याचे पसरट फावडे मिळते, त्याला रूफ रेक म्हणतात. जमिनीवर, थोडे बाजूला उभे राहून वळचणीपासून वरचा तीन-चार फुटांचा पट्टा खाली ओढावा. वितळायला बर्फच उरला नाही तर बांध वाढत नाही. शिंगल खरवडली जाऊ नयेत म्हणून शेवटचा पातळ थर राहू द्यावा. दांडा धातूचा असेल तर विजेच्या तारांपासून लांब. बर्फ खाली पडला की भिंतीतून बाहेर येणारी भट्टीच्या धुराची नळी झाकली तर गेली नाही ना, हे पाहावे. ती बंद झाली तर विषारी वायू घरात राहतो. हे डागापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

बांध घट्ट झाला असेल आणि पाणी आत येतच असेल, तर वाफेने बर्फ कापणारे व्यावसायिक बोलवावेत. पैसे जातात, पण छप्पर वाचते. त्यांची वेळ मिळेपर्यंत एक घरगुती उपाय आहे. नायलॉनच्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो मोजा बांधावर आडवा न ठेवता उभा, म्हणजे टोक वळचणीच्या बाहेर येईल असा टाकतात. तो खाली वितळवत जातो आणि पाण्याला वाट मिळते. एकमजली घरात खालूनच टाकता आला तर ठीक, त्यासाठीही चढू नये. साधे मीठ वापरू नये. कडक थंडीत ते फारसे काम करत नाही, आणि पन्हळ गंजते, खालची झाडे मरतात. घरात छताला पाण्याचा फुगा आला असेल, तर त्या भागातली वीज बंद करून, खाली बादली ठेवून लहान छिद्र पाडावे. नाहीतर सगळे छत एकदम कोसळते. विम्यासाठी फोटो आधी काढावेत.

पण हे सगळे तापावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवण्यासारखे आहे. वळचणीवर विजेच्या गरम तारा नागमोडी बसवून घ्या, असेही विक्रेते सांगतात. आमच्या मते तो घरातली ऊब एकदा फुकट घालवून वर पुन्हा विकतची ऊब लावण्याचा प्रकार आहे. इलाज पोटमाळ्यात आहे, आणि तिथेही क्रम चुकवू नये. आधी फटी, मग गोधडी. पाण्याचे पाइप वर जातात तिथली भोके, विजेच्या तारांची भोके, छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडा, पोटमाळ्यात चढायचे झाकण, या जागा लहान दिसतात, पण सगळ्या मिळून एक खिडकी सताड उघडी ठेवल्यासारखे होते. त्या बुजवाव्यात. चिमणीभोवती मात्र फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि आग सहन करणारा लेपच हवा. त्यानंतर इन्सुलेशनचा थर वाढवावा.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे डेगची तासन्‌तास दमावर असते, गुसलला गरम पाणी भरपूर लागते. बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या पंख्याची नळी घराबाहेर उघडते की पोटमाळ्यातच सोडून दिली आहे, हे जरूर तपासावे. जुन्या घरांत ती पोटमाळ्यात सोडलेली सापडते. मग बिर्याणीची वाफ फळ्यांवर जाऊन बसते, ऊब तर जातेच, वर बुरशी येते.

तिसरे काम वाऱ्याचे. थंड हवा वळचणीखालच्या जाळीतून आत यावी आणि आढ्याजवळून बाहेर पडावी, म्हणजे पोटमाळा बाहेरइतकाच गार राहतो. इन्सुलेशन टाकताना कामगार नेमकी ही जाळी बुजवून ठेवतात, पाहत राहावे. घर असे घट्ट बंद केल्यावर गॅसची भट्टी आणि पाण्याचा हीटर जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपायच्या खोल्यांजवळ असावेच.

कोणी म्हणेल, काश्मीरसारखे उतरते पत्रे का घालत नाहीत? घालतात, आणि त्यावरून बर्फ लवकर घसरतोही. पण खालून ऊब निसटत असेल तर पत्र्याच्या वळचणीलाही बांध येऊ शकतो, शिवाय घसरलेला ढीग दारातल्या माणसावर येतो.

२०१४-१५ च्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला, म्हणजे पावणेतीन मीटरहून जास्त, त्यातला ६४.८ इंच एकट्या फेब्रुवारीत. तेव्हा धडधाकट घरेही गळली. म्हणून थंड प्रदेशांत नवे छप्पर घालताना वळचणीपासून भिंतीच्या आत किमान २४ इंचांपर्यंत शिंगलखाली चिकट, पाणी न झिरपणारा पट्टा घालण्याचा नियम आहे. तो बांध थांबवत नाही, तुंबलेले पाणी अडवतो. घर घेताना शयनगृहे नि स्वयंपाकघर पाहतात तसे, हा पट्टा आहे का, हेही विचारावे, आणि पोटमाळ्याचे झाकण उघडून आत डोकावावे.

पोटमाळ्याचे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढावे. भर उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. आणि भगिनींनी सुनेला एवढे कळवावे की, डागावर रंग मारायची घाई नको. भिंतीच्या आतले इन्सुलेशन ओले राहिले असेल तर ते काढून, पूर्ण वाळवून, मगच रंग.