रिमोटमधला सेल, अन्ननलिकेतली वीज

गाडीची किल्ली, वजनकाटा, टीव्हीचा छोटा रिमोट, गाणारे शुभेच्छापत्र... नाण्यासारखा चपटा बटण सेल आज घराघरांत आहे. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून अशा सेलवर चालणाऱ्या वस्तूंसाठी सुरक्षा नियम सक्तीचे केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘रीज लॉ’ आला. रिमोटमधला सेल गिळून मृत्यू झालेल्या दीड वर्षांच्या मुलीचे नाव या कायद्याला दिले आहे.

सेल फुटून आतले रसायन बाहेर येते आणि त्याने इजा होते, असा सर्वसाधारण समज आहे. पण मुख्य कारण वेगळे आहे. सेल न फुटताच जखम करतो.

नेहमीच्या बटण सेलमध्ये ऋण बाजूला लिथियम आणि धन बाजूला मँगनीज डायऑक्साइड असते. लिथियम इलेक्ट्रॉन सहज सोडते, मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, तर लिथियमचे आयन सेलच्या आतून पलीकडे पोहोचतात. रासायनिक ऊर्जेची वीज होते ती अशी. अन्ननलिकेत तारेची जागा तिचे ओलसर अस्तर घेते आणि सर्किट पूर्ण होते. मग ऋण बाजूला पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्साइड आयन साचू लागतात. कॉस्टिक सोड्यासारखा हा तीव्र अल्क पेशी विरघळवत जातो.

पाण्याच्या विघटनाला किमान १.२३ व्होल्ट लागतात. लिथियम सेल ३ व्होल्टचा असतो. रिमोट चालवू न शकणाऱ्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही इजा करण्याइतका दाब उरलेला असू शकतो. ‘सीआर २०३२’ या नावातच त्याची मापे आहेत : २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला एवढा आकार पुरतो.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ‘बीआयएस’ मानक सक्तीचे आहे. विजेवरच्या खेळण्यांच्या मानकात बटण सेलचा कप्पा मुलाला सहज उघडता येऊ नये, अशी अट आहे. पण रिमोट, किल्ली किंवा वजनकाटा ही खेळणी नव्हेत. मुलाच्या हाती मात्र तीही पडतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या नियमांचे महत्त्व इथे आहे. त्यांनी खेळण्यांपलीकडच्या घरगुती वस्तूंनाही बंद कप्पा आणि इशारा बंधनकारक केला.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठून एक्स-रे काढावा. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, नाण्याला ते नसते. उलटी करवू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असा अमेरिकेतील नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचा सल्ला आहे. मधाने इजेचा वेग मंदावतो, सेल निघत नाही. त्यामुळे मधासाठी थांबू नये. वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.