संत व्हॅलेंटाइन आणि मराठीचा तास

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा सुरू झाला की आमच्या महाविद्यालयात दोन सूचना हमखास निघतात. एक परीक्षेच्या अर्जांची, दुसरी 'शिस्तीची'. दुसरीत १४ तारखेचा उल्लेख नसतो, पण ती कशासाठी आहे हे शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना ठाऊक असते. व्हॅलेंटाइन दिनावर आमच्याकडे मते दोनच: तो पाश्चात्त्य आहे म्हणून वाईट, किंवा तरुणांचा आहे म्हणून चालायचेच. शतकाच्या वळणावर मुंबई-पुण्यात भेटकार्डांची दुकाने फोडली गेली तेव्हाही वाद याच दोन टोकांत अडकला होता. या दिवसाचे मूळ मात्र कोणी वाचायला घेतले नाही. साहित्याचे शिक्षक म्हणून हा दोष आम्ही आमच्याकडेही घेतो.

व्हॅलेंटाइन हा तिसऱ्या शतकातील रोमन हुतात्मा. एक की दोन, याचाही निश्चय नाही. एक रोमचा धर्मगुरू, दुसरा तेर्नीचा बिशप. दोघांचाही शेवट शिरच्छेदाने झाला आणि दोघांचेही दफन फ्लामिनिया मार्गावर, असे परंपरा सांगते. सम्राट क्लॉडियसची आज्ञा मोडून तो सैनिकांची गुप्तपणे लग्ने लावीत असे, ही गोष्ट पुष्कळ उत्तरकालीन. त्याच्याविषयी नाव आणि दफनस्थान यांपलीकडे फारसे काही निश्चित सांगता येत नाही, म्हणून १९६९ साली कॅथलिक चर्चने त्याचा सण आपल्या सार्वत्रिक पंचांगातून वगळला. म्हणजे ज्या संताच्या नावाने आपल्याकडे लाठ्या निघाल्या, त्याचा सण त्याच्या चर्चने तीस वर्षे आधीच बाजूला ठेवलेला होता. असो.

या दिवसाशी प्रेमाचा संबंध जोडला तो एका कवीने. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने 'पार्लमेंट ऑफ फाउल्स' हे काव्य लिहिले. त्याआधी या संताच्या दिवसाचे प्रेमाशी नाते असल्याचा भक्कम पुरावा नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. काव्यातील प्रसंग असा: व्हॅलेंटाइनच्या दिवशी सारे पक्षी जोडीदार निवडण्यासाठी निसर्गदेवतेपुढे जमले आहेत. देवतेच्या हातावर एक देखणी गरुडमादी बसली आहे आणि तिच्यासाठी तीन नर गरुड उभे आहेत. तिघेही आपापल्या निष्ठेची भाषणे करतात. ती इतकी लांबतात की बाकीचे पक्षी कंटाळून कलकलाट करू लागतात. हंसी रोखठोक सांगते, की तिचे मन नसेल तर त्याने दुसरी पाहावी. कुलीन पक्षी तिच्यावर हसतात. देवता अखेर निर्णय मादीवर सोपवते. आणि मादी काय करते? ती कोणालाच निवडत नाही. एक वर्षाची मुदत मागते आणि नंतरही निवड आपलीच राहावी असे म्हणते. देवता ते मान्य करते. तिघांनी वर्षभर थांबायचे. इतर पक्षी जोड्या जुळवून, गाणे गाऊन उडून जातात.

प्रेमाचा दिवस म्हणून ज्याचा गाजावाजा होतो त्याच्या पहिल्या मोठ्या कवितेच्या केंद्रस्थानी एका मादीचा 'आत्ता नाही' आहे, आणि तो ऐकून घेतला जातो. आमच्या जिल्ह्यात हे वाचताना अक्षरे जड होतात. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला, ती महाविद्यालयात जात असताना, भर रस्त्यावर पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. वृत्तपत्रांनी या घटनेला 'एकतर्फी प्रेम' हे नाव दिले. या शब्दप्रयोगाला आमचा तीव्र आक्षेप आहे. त्यात 'एकतर्फी' हे विशेषण गुन्ह्याला सौम्य करते आणि 'प्रेम' हे नाम त्याला प्रतिष्ठा देते.

त्याच आठवड्यात, १३ फेब्रुवारीला, शेजारच्या चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयात विद्यार्थिनींकडून प्रेमविवाह न करण्याची शपथ घेववली गेली. हेतू काळजीचा असेल. पण मारणारा पुरुष, आणि शपथ मुलींनी घ्यायची! मुलग्यांनी नकार पचवण्याची शपथ घ्यावी, असे त्या सभागृहात कोणाला सुचले नसावे.

आता आमच्या तासाकडे. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. भावाने ठरवलेल्या शिशुपालाला नाकारून, आपल्या पसंतीच्या पुरुषाला स्वतः पत्र लिहिणारी ही मुलगी याच भूमीची. मराठीच्या आरंभकाळात तिच्या विवाहावर महदंबेने धवळे रचले, नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. पुढे एकनाथांनीही तोच विषय घेतला. आम्ही हे सारे शिकवतो. कसे शिकवतो? नरेंद्राचे अलंकार, नगरवर्णन, विरहाच्या अवस्था. आणि रामदेवरायाने आपले नाव ग्रंथावर घालण्यासाठी देऊ केलेले धन कवीने कसे नाकारले, ही आख्यायिका. कवीचा नकार विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो, परीक्षेत त्यावर टीपही येते. नायिकेच्या नकारावर प्रश्न विचारलेला आम्हाला आठवत नाही. तो आम्हीही कधी काढला नाही.

प्रेमकवितेचा तास तर आम्ही घाईने उरकतो. मागच्या बाकांवर हसू फुटते, आम्ही 'विप्रलंभ शृंगार' असा फळ्यावर शब्द लिहून निसटतो. मग प्रेमाचे शिक्षण चित्रपट देतात, आणि तिथे नायक पाठलाग सोडत नाही म्हणूनच जिंकतो.

गेल्या वर्षी १४ फेब्रुवारीला आम्ही एक छोटा प्रयोग केला. 'शिस्तीची' सूचना वाचून झाल्यावर चॉसरच्या काव्याची गोष्ट सांगितली, मग रुक्मिणीच्या पत्राचा प्रसंग घेतला आणि चर्चा खुली केली. मुली बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारले, "सर, पण शिशुपाल तर वरात घेऊन आला होता. त्याने काय करायचं?"

भागवतात त्याचे उत्तर आहे. जरासंध त्याची समजूत घालतो आणि शिशुपाल आपल्या नगरीला परत जातो. इतकी वर्षे हा कथाभाग आम्ही 'अनावश्यक' म्हणून गाळत आलो होतो.