गोळी स्वस्त, पण वाट लांबची

अस्थिमज्जेतील रक्ताच्या मूळ पेशी आपल्या मनाने वाढत नाहीत. कधी विभागायचे, लाल पेशी घडवायची की पांढरी, हे त्यांना मिळणाऱ्या रासायनिक संदेशांवर ठरते. संदेश थांबला की कामही थांबते. ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगात नेमकी हीच शिस्त मोडते. एका मूळ पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार होणारे प्रथिन वाढीचा संदेश अखंड देत राहते आणि पांढऱ्या पेशींची संख्या हजारांवरून लाखांवर जाते.

२००१ मध्ये आलेली इमॅटिनिब ही गोळी या प्रथिनाला अडवते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारले आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. तरीही अनेक रुग्ण औषध मध्येच सोडतात. एक तर बरे वाटू लागते. शिवाय गोळीसाठी शहर गाठायचे तर रोजगार बुडतो. पण गोळी संदेश दाबते. बिघडलेल्या मूळ पेशी बहुधा शिल्लकच असतात. औषध थांबले की त्या पुन्हा डोके वर काढू शकतात. म्हणून ही गोळी आणि रक्ततपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नियमित मिळालीच पाहिजे. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाने एका दिवसाचाही खाडा करू नये.