तांबीच्या डॉक्टर मॅडम

घरातलं कुत्रं गेलं की सुतक लागत नाही. दहावं-बारावं नसतं, पेपरात निधनवार्ता नसते आणि कचेरीत रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं तेही कळत नाही. शेजारी जिन्यात भेटतात, 'गेली का?' म्हणतात आणि त्याच दमात 'आता दुसरं आणा' असा सल्लाही देऊन टाकतात. त्यांचा राग येत नाही. बोलायला काही सुचत नाही म्हणून माणूस सल्ला देतो. आमची तांबी गेली त्या दिवसांत नेमकं काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं हे फक्त तिच्या डॉक्टरांना कळत होतं. त्यांना नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून इथेही नुसतं मॅडमच म्हणतो.

तांबी गावठी. लेकीने साताऱ्याच्या मंडईतून पिशवीत घालून आणलेली. म्हातारपणी तिची किडनी गेली. कुत्र्यांत हे नेहमीचं. किडनीचं काम साधारण पाऊण हिस्सा बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही, म्हणजे रिपोर्ट हातात पडतो तोवर बराच उशीर झालेला असतो. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. 'बरी होणार नाही, पण सुखात ठेवता येईल. किती दिवस, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.' त्याआधी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दवाखान्यात आम्हाला तपासण्यांची लांबलचक यादी मिळाली होती. ही दोन वाक्यं मात्र तिथे कुणी बोललं नव्हतं.

मॅडम शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या सगळं आलं. गावाकडे अजूनही त्यांना 'ढोरांची डॉक्टर' म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. सकाळी कुणाच्या गोठ्यात अडलेली म्हैस सोडवायची, संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरं. हातांना कधी कधी शेणाचा वास असायचा. तांबीला तो फार आवडे.

सलाईन घरी द्यायला त्यांनीच शिकवलं. कुत्र्याला हे दर वेळी शिरेतूनच द्यायची गरज नसते, कातडीखाली दिलं तरी चालतं. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, की खाली छोटा तंबू होतो. सुई त्या तंबूच्या दारातून आत. पहिल्यांदा सुई आरपार गेली आणि सलाईन सतरंजीवर. मॅडम हसल्या, 'सगळ्यांचं होतं'. पाणी आत साठलं की खांद्यावर मऊ फुगवटा येई, रात्रीतून तो जिरे, कधी ओघळून पुढच्या पायाशी उतरे. हा फुगवटा तळहाताने हलकेच चोळत बसणं हे आईने आपणहून आपलं काम करून घेतलं.

पुढे तोंडात व्रण आले, श्वासाला उग्र वास यायला लागला. पथ्याची जाडजूड फाईल मॅडमनी स्वतःच बंद केली आणि म्हणाल्या, 'आता तिला आवडेल ते द्या.' हे ऐकून बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग त्यांनी एक कागद दिला. आलिस विलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या पशुवैद्यक बाईंनी, ज्या प्राण्यांच्या कॅन्सरवर काम करतात, एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जनावराचं आयुष्य अजून बरं चाललंय असं धरायचं. मॅडमनी ते मराठीत हाताने लिहून काढलं होतं. लेक रोज रात्री गुण भरायची. 'मार्क कसले देताय, तिच्या डोळ्यांत बघा की', असं आई म्हणायची. दोघींचं बरोबर होतं असं मला वाटतं. डोळ्यांत बघताना माणूस स्वतःला हवं तेच बघतो. कागदावर मात्र 'आनंद' या ओळीपुढे एक लिहिताना हात अडतो.

तांबीला इंजेक्शनने निजवायचं तर खरी अडचण आईची होती. जीव घेणं पाप, हे तिच्या हाडात मुरलेलं. मॅडमनी वाद घातला नाही, कायदाही सांगितला नाही. कायदा तसा बाजूने आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला जिवंत ठेवणं हेच क्रौर्य ठरेल अशी अवस्था मान्य केलेली आहे. माणसाच्या बाबतीत एवढ्याही वाटेला यायला आपल्याला किती काळ लागला! परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या निमित्ताने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त उपचार थांबवण्यापुरती, तीही कडक अटींवर, परवानगी दिली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांची जी शुश्रूषा केली तिला तोड नाही. त्याच परळमध्ये, थोड्याच अंतरावर, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. दोन्हीकडे दुखणं तेच असतं, डॉक्टरांच्या हातात असलेली वाट मात्र वेगळी. कुठली सोपी, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मॅडम आईला एवढंच म्हणाल्या, 'आजी, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी सुई काढणार नाही.' आईने दोन रात्री तांबीपाशी अंथरूण टाकलं आणि तिसऱ्या सकाळी 'बोलवा त्यांना' म्हणाली.

मॅडम घरी आल्या. टेबल मागितलं नाही, जमिनीवर मांडी घालून बसल्या. आधी तांबीशी बोलल्या, मग आमच्याशी. पुढे काय काय होईल ते क्रमाने सांगितलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, ती गाढ झोपेल. मग पुढच्या पायाचे थोडे केस काढून शिरेत सुई, आणि भुलीचंच औषध, पण कितीतरी जास्त मात्रेत. आधी श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. नंतर एखादा उसासा येऊ शकतो, स्नायू थरथरतो, लघवी होते. ती जिवंत आहे असं वाटेल, तसं नसतं. म्हणून अंगाखाली जुना टॉवेल घाला. हे सगळं आधी ऐकलेलं असल्यामुळे खरोखरच तो उसासा आला तेव्हा लेक किंचाळली नाही. तिने माझा दंड घट्ट धरला, एवढंच.

आई तुळशीचं पाणी घेऊन आली तेव्हा तांबी झोपली होती. झोपेत गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जाईल, म्हणून मॅडमनी हात आडवा केला. पण 'नको' म्हणाल्या नाहीत. बॅगेतून कापूस काढून आईच्या हातात दिला आणि 'नुसते ओठ ओले करा' म्हणाल्या. आईचं होईपर्यंत सिरिंज हातात धरून बसून राहिल्या. या वागण्यासाठी अभ्यासक्रमात कुठला पेपर असतो मला माहीत नाही.

तांबीसाठी काकांच्या रानात खड्डा मॅडमनी खोल खणायला सांगितला, तोही कारणासकट: भुलीच्या औषधाचा अंश शरीरात राहतो, दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही दगावतं. आम्हाला रान होतं. फ्लॅटमधल्या माणसाने काय करायचं? मुंबई महापालिकेने लहान प्राण्यांसाठी मालाडला गॅसवरची दाहिनी सुरू केली तीही २०२३ मध्ये. रतन टाटांच्या आग्रहातून महालक्ष्मीला मोठं प्राणी रुग्णालय २०२४ मध्ये उभं राहिलं, उत्तमच झालं. पण जिल्ह्याच्या गावी सगळा भार अशा एकट्या-दुकट्या डॉक्टरांवरच असतो.

आणि तो भार त्यांना पेलतोच असं धरून चालू नये. पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं ब्रिटन, अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. सकाळी वासरू जन्माला घालायचं, दुपारी कुणाचं तरी लाडकं कुत्रं निजवायचं आणि संध्याकाळी 'एका इंजेक्शनचे एवढे पैसे?' हे ऐकायचं. मॅडम एकदा सहज बोलून गेल्या, की बरेच लोक कुत्रं टेबलावर ठेवून बाहेर निघून जातात, बघवत नाही म्हणतात. मग ते कुत्रं गुंगी येईपर्यंत दाराकडे बघत राहतं आणि खोलीत त्याच्यासोबत उरतात त्या फक्त डॉक्टर.

म्हणून घरात म्हातारं कुत्रं-मांजर असेल तर याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा: रात्रीचा फोन चालेल का, वेळ पडली तर घरी येता का, आणि नंतरची सोय जवळ कुठे आहे. ती वेळ आली की खोलीतच थांबा. आणि फी सांगतील तेवढी द्या.