रात्री कुणाला उठवायचं, हे आधी ठरवा

सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवणं हे एका दुपारचं काम आहे. नॅगिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियस यांपैकी कोणतंही घ्या. तिन्ही मुक्त स्रोत आहेत, तिन्हींची माहिती भरपूर मिळते, आणि थोड्याच वेळात पडद्यावर हिरव्या ओळी दिसू लागतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि बऱ्याच ठिकाणी ते कुणी हातातच घेत नाही. कशाला बिघाड म्हणायचं, तो किती वेळ टिकला की कळवायचं, कुणाला कळवायचं आणि त्या माणसाने उठून नेमकं काय करायचं? या चार प्रश्नांची उत्तरं कोणतंही सॉफ्टवेअर सोबत घेऊन येत नाही. ती संस्थेने द्यायची असतात. प्रत्येक अलर्ट म्हणजे कुणाच्या तरी झोपेवर सांगितलेला हक्क आहे, म्हणून तो लावण्याचा निर्णय तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा.

हा विषय हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, महाविद्यालयं, नगरपालिका, रुग्णालयं यांचा रोजचा व्यवहार आता सर्व्हरवर चालतो. तो सांभाळायला मात्र अनेकदा एक-दोनच माणसं असतात. दिवसा तीच प्रिंटर आणि पासवर्डच्या तक्रारी निस्तरतात आणि रात्री त्यांच्याच उशाशी फोन असतो. त्या फोनवर काय येतं आणि काय येत नाही, यावर शेकडो लोकांचं दुसऱ्या दिवशीचं काम अवलंबून असतं.

उदाहरणासाठी नॅगिऑस घेऊ. एथन गालस्टॅड यांनी १९९९ मध्ये ते नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केलं; २००२ पासून ते नॅगिऑस म्हणून ओळखलं जातं. त्याची मूळ कल्पना आजही तशीच साधी आहे. प्लगइन नावाचा छोटा प्रोग्रॅम एक तपासणी करतो आणि एक आकडा परत देतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे माहीत नाही. वेबसाईट उघडते का, डेटाबेस उत्तर देतो का, डिस्कवर जागा किती उरली, मेलची रांग तुंबली आहे का, हे सगळं या चार आकड्यांत सांगता येतं. यातल्या ३ या आकड्याबद्दल मला विशेष आदर आहे. तपासणीच होऊ शकली नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. पण त्रास नको म्हणून ज्या सूचना सर्रास बंद केल्या जातात, त्यांत ‘माहीत नाही’च्या सूचना पहिल्या असतात.

दुसरी महत्त्वाची कल्पना सौम्य आणि पक्क्या स्थितीची. एकदा तपासणी नापास झाली म्हणून नॅगिऑस लगेच कुणाला उठवत नाही. त्याच्या नमुना फाइलमध्ये स्थानिक सर्व्हिससाठी दर ५ मिनिटांनी तपासणी, नापास झाल्यास दर १ मिनिटाला फेरतपासणी आणि एकूण ४ प्रयत्न असे आकडे असतात. चौथ्यांदाही नापास झाली की स्थिती पक्की होते आणि मग सूचना निघते. आता हिशेब मांडा. तपासणी संपताच पुढच्या क्षणी सर्व्हिस बंद पडली, तर पहिलं नापास कळायला ५ मिनिटं आणि पक्कं व्हायला आणखी ३. म्हणजे बिघाडानंतर साधारण ८ मिनिटांनी फोन वाजेल. पगारपत्रक काढणाऱ्या सर्व्हरला ही ८ मिनिटं सहज चालतील. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या नोंदणीला ती फार जास्त आहेत. हा फरक नॅगिऑसला कुठून कळणार? तो त्या विभागात काम करणाऱ्यालाच ठाऊक असतो. म्हणून हे आकडे भरताना सर्व्हर सांभाळणाऱ्यासोबत तो सर्व्हर वापरणाराही बसलेला असावा.

प्रत्यक्षात नमुन्यातले आकडे जसेच्या तसे राहतात. डिस्कवर २० टक्के जागा उरली की इशारा, १० टक्के उरली की गंभीर. ४० जीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे ४ जीबी, आणि बेफाम वाढणारी एखादी लॉग फाइल ती बघता बघता संपवते. ४ टीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे सुमारे ४०० जीबी, जी कदाचित वर्षभर पुरेल. पहिल्या ठिकाणी अलर्ट उशिरा येतो, दुसऱ्या ठिकाणी तो विनाकारण येतो. नमुन्यात लोडसाठी ५ ही इशाऱ्याची पहिली मर्यादा असते. दोन कोअरच्या मशीनवर ५ म्हणजे काम तुंबलेलं आणि ३२ कोअरच्या मशीनवर निवांतपणा. डिस्क किती भरली यापेक्षा सध्याच्या वेगाने ती कधी भरेल, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. प्रोमिथियसमध्ये असा अंदाज बांधणारं फंक्शनच दिलेलं आहे. पुढच्या ४ तासांत जागा संपेल असं दिसलं तर उठवा. पुढच्या महिन्यात संपेल असं दिसलं तर सोमवारच्या कामांच्या यादीत टाका.

मग तपासायचं काय? माझं उत्तर ठाम आहे: ज्याच्यासाठी सर्व्हर चालवता, त्या माणसाला जे दिसतं ते सर्वात आधी तपासा. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी सर्व्हरचा प्रोसेसर ९५ टक्के वापरात असेल तर त्यात काही बिघडलेलं नाही. विद्यार्थ्याला गुण दिसत नसतील तर बिघडलेलं आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग या पुस्तकात चार गोष्टींवर भर दिला: उत्तराला लागणारा वेळ, येणारी वर्दळ, चुकांचं प्रमाण आणि क्षमता किती भरली. छोट्या संस्थेने एवढं चारच धरलं तरी खूप झालं. पण तेही नीट धरावं. वेबसाईट तपासणारं नॅगिऑसचं प्लगइन फक्त सर्व्हरने २०० हा यशाचा संकेत दिला का, एवढं पाहून समाधानी होऊ शकतं. पानावर मात्र ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं लिहिलेलं असू शकतं. त्याच प्लगइनला पानातला अमुक मजकूर शोध, असं सांगता येतं. ही एका पर्यायाची भर आहे. ती न टाकल्यामुळे कितीतरी बंद साईट हिरव्या दिसत राहतात.

तेच प्लगइन साईटच्या सुरक्षा-सर्टिफिकेटची मुदत संपायला किती दिवस उरले हेही सांगतं. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या लाखो ग्राहकांच्या फोनवरचं इंटरनेट बंद पडलं, त्याचं मूळ एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या मुदत संपलेल्या सर्टिफिकेटमध्ये होतं. तारीख आधीपासून माहीत असलेला हा बिघाड होता. पुढे ही काळजी वाढणार आहे. सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणायची, असा निर्णय सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने २०२५ मध्ये घेतला आहे. वर्षातून एकदा कॅलेंडर बघून काम भागवणाऱ्यांना आता नूतनीकरण आपोआप करावं लागेल आणि ते झालं की नाही हे तपासणारी एक ओळ लिहावी लागेल.

सूचनांचा पूर ही दुसरी बाजू. एक स्विच बंद पडला की त्यामागचे ४० सर्व्हर एकदम ‘बंद’ म्हणून ओरडू लागतात आणि खरा दोषी त्या गर्दीत हरवतो. नॅगिऑसमध्ये प्रत्येक मशीनचा ‘पालक’ सांगण्याची सोय आहे. ती वापरली तर स्विच ‘बंद’ ठरतो आणि मागची मशीन ‘पोहोचता येत नाही’ या वेगळ्या स्थितीत जातात. त्या स्थितीच्या सूचना बंद ठेवता येतात. ‘पालक’ सांगणारी ही ओळ लिहायची तर आपलं नेटवर्क कसं जोडलेलं आहे, हे कागदावर काढावं लागतं. तो कागदच अनेक ठिकाणी नसतो.

पुराची किंमत उद्योगांनी पूर्वीच मोजली आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. स्फोटाआधीच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. एवढ्या वेळात तेवढे अलार्म वाचणंही शक्य नाही, मग समजून घेणं दूरच. आपल्या कार्यालयांत स्फोट होत नाही, पण प्रक्रिया तीच असते. दिवसाला शेकड्याने अलर्टचे मेल येऊ लागले की कुणीतरी ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्याचा नियम लावतो. त्या क्षणापासून त्या संस्थेत देखरेख उरलेली नसते, सॉफ्टवेअर कितीही चालू असो. याचा दोष नियम लावणाऱ्याला देऊ नये. ज्यावर काहीच करायचं नव्हतं असे मेल त्याला पाठवणारी संस्था दोषी आहे.

म्हणून माझी कसोटी कडक आहे. रात्री उठवणाऱ्या प्रत्येक अलर्टसोबत एक कृती लिहिलेली असली पाहिजे: कोणता लॉग बघायचा, काय रिस्टार्ट करायचं, जमलं नाही तर कुणाला फोन लावायचा. कृती लिहिता येत नसेल तर तो अलर्ट रात्रीचा नाही. त्याला सकाळच्या अहवालात जागा द्या. नॅगिऑसमध्ये कोणती सूचना कोणत्या वेळेत द्यायची हे ठरवता येतं आणि ठरावीक सूचनांनंतरही कुणी दखल घेतली नाही तर ती वरच्या माणसाकडे पाठवता येते. या सोयी वापरल्या की एक अडचणीचा प्रश्न समोर येतो. यादीत दुसरं नाव कुणाचं? बऱ्याच संस्थांत दुसरं नावच नसतं. मग एकच माणूस वर्षभर, सणासुदीला, आजारपणात आणि मुलाच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीही ‘ऑन-कॉल’ असतो. त्या पाळीचे पैसे नाहीत, रात्र जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी नाही. याला व्यवस्था म्हणायचं कसं? हा त्या माणसाच्या सहनशीलतेवर उभारलेला कारभार आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

आता सर्वात धोक्याची गोष्ट: शांतता. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास गुपचूप बंद पडली. कारण होतं सॉफ्टवेअरमधला एक दोष. तिन्हीसांजेच्या आधी, चार वाजून गेल्यावर, अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. मधल्या काळात मोठ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडत होत्या, त्यांतली पहिली झाडाच्या फांद्यांना टेकून. कक्षातल्या माणसांना मात्र बराच काळ यंत्रणाच मेली आहे हे ठाऊक नव्हतं. अलार्म वाजत नव्हता, म्हणून सगळं ठीक असावं असं त्यांना वाटत राहिलं.

सर्व्हरच्या जगातलं याचं भावंड म्हणजे गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतली घटना. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप बघायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. चुकीच्या आवृत्तीचं साधन चालत असल्याने रोजचा बॅकअप दर वेळी फसत होता. फसल्याचे मेल निघतही होते, पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने मेल स्वीकारणारा सर्व्हर ते नाकारत होता. दुसऱ्याच कामासाठी सुमारे ६ तास आधी काढलेली एक प्रत हाती होती, म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबलं. गिटलॅबने हे सगळं स्वतःहून जाहीरपणे मांडलं, याबद्दल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने त्यांचं ऋण मानावं.

या दोन्ही घटनांचा धडा एकच: पहारा देणाऱ्यावरही पहारा हवा. सोसायटीचा रखवालदार रात्री काठी आपटत फिरतो, तेव्हा तो चोर आल्याचं सांगत नसतो, आपण जागे असल्याचं सांगत असतो. प्रोमिथियस वापरणारे याच हेतूने वॉचडॉग नावाचा, कायम वाजत राहणारा अलर्ट लावतात. तो बाहेरच्या एका सेवेकडे सतत जात राहतो आणि यायचा थांबला की ती सेवा ओरडते. नॅगिऑस असलेल्यांनीही दुसऱ्या मशीनवरून, शक्य तर दुसऱ्या इमारतीतून, नॅगिऑसची तपासणी लावावी. ज्या मेल सर्व्हरवर नजर ठेवायची, त्याच मेल सर्व्हरमधून तो बंद पडल्याची सूचना पाठवू नये. एसएमएस किंवा फोनचा वेगळा मार्ग ठेवावा. बॅकअप तपासताना ‘काम पूर्ण झालं’ या संदेशावर विसंबू नये. फाइल किती जुनी आहे, किती मोठी आहे आणि ती परत उघडता येते का, हे बघावं.

आणि एक तालीम करा. महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत, संबंधितांना सांगून, कमी महत्त्वाची एक सर्व्हिस मुद्दाम बंद करा. फोन कुणाचा वाजला, किती मिनिटांनी वाजला आणि उचलणाऱ्याला पुढे काय करायचं हे माहीत होतं का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवा. ती उत्तरं संचालक मंडळाच्या, व्यवस्थापनाच्या, प्राचार्यांच्या टेबलावर गेली पाहिजेत. कारण दुसरं नाव नेमणं, पाळीचे पैसे देणं आणि निरर्थक अलर्ट काढून टाकायला वेळ देणं हे अधिकार तिथे आहेत. रात्री दोन वाजता उठणाऱ्या माणसाकडे ते नाहीत.