बोकडाला शिक्का हवा, तर डॉक्टर बाजारात आणा!

आपल्या भागातल्या आठवडे बाजारांत सध्या एक नवी भीती फिरते आहे. "नवीन नियम आलेत. डॉक्टरचा दाखला नसेल तर बोकड कापताही येणार नाय, विकताही येणार नाय." हे कोण सांगतं? पावती न देता पैसे मागणारा सांगतो, व्यापारी सांगतो, आणि आता शेतकऱ्यांसाठी भरवलेलं शिबिरही तेच सांगून गेलं. या भीतीची किंमत आपण भरतो. बोकड घेऊन बाई बाजारात उभी राहिली की व्यापारी म्हणतो, "कागद हाये का? नाय? मग शंभर कमी."

म्हणून आधी कागद वाचू.

मार्च २००१ मध्ये केंद्र सरकारने कत्तलखान्याचे नियम काढले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ते निघाले. नगरपालिकेच्या हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापायचं नाही, असं त्यात आहे. कत्तलखाना कशाला म्हणायचं तेही लिहिलं आहे: जिथं दिवसाला १० किंवा जास्त जनावरं कापली जातात त्याला. म्हणजे हे नियम डोळ्यासमोर देवनार ठेवून केलेले आहेत. जव्हार-डहाणूसारखी नगरपालिकेची गावं सोडली तर आपले बाजार ग्रामपंचायतीत भरतात. तिथं आठवड्याला पाच-सहा बोकडं कापली जातात. या नियमांच्या नावाने तिथं कुणी पैसे मागत असेल तर तो नियम पाळत नाही, आपल्याला लुटतो. आणि जिवंत बोकड विकायला या नियमांत कसलाच दाखला सांगितलेला नाही.

आता कुणी म्हणेल, संघटनेला तपासणीच नको आहे. खोटं आहे. आम्हाला तपासणी हवी आहे. ते मटण आमच्याच पोरांच्या पोटात जातं. फाशी रोगाने (त्यालाच काळपुळी म्हणतात) मेलेलं जनावर फाडलं तर फाडणाराही मरू शकतो. अशा जनावराच्या नाकातून, गुदद्वारातून काळं रक्त येतं आणि ते गोठत नाही. ते कापायचं नाही, सोलायचं नाही, खोल पुरायचं. हे पाड्यापाड्यात सांगायला हवं. गाभण शेळी कापू नये, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापू नये, असं २००१ च्या नियमांत आहे. आमच्या आज्यांना ते नियम निघायच्या आधीपासून ठाऊक आहे. गाभण शेळी कापायची म्हणजे बी-बियाणं दळून खाण्यासारखं आहे.

तेव्हा भांडण तपासणीशी नाही. तपासणी कुणाच्या दारात होणार, याच्याशी आहे. त्याच नियमांत लिहिलं आहे की एका डॉक्टरने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. हिशेब करा. एका जनावराला पाच मिनिटं. आमच्या बाजारात सहा बोकडं, म्हणजे अर्धा तास. कापल्यावर कलेजी आणि फोफसं बघायला आणखी थोडा वेळ. आठवड्यातून एक सकाळ! तेवढ्यासाठी सरकारला डॉक्टर पाठवता येत नाही, पण आम्ही मात्र बोकड खांद्यावर घेऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून तालुक्याला यावं, अशी अपेक्षा आहे. देवनारला डॉक्टर जनावराकडे येतो. आमच्याकडे जनावराने डॉक्टरकडे जायचं.

आणि शिबिराचं काय? ते भरवलं तालुक्याच्या ठिकाणी, ऐन आवणीच्या दिवसांत. चिखलातला पाय काढून कोण जाणार? शेळ्या राखतात बायका आणि पोरं, खुर्च्यांवर बसले बागायतदार. साहेबांची भाषा अशी की आमच्यातल्या शिकलेल्यांनाही अर्धी कळली नाही. कळलं ते एवढंच: "शेळ्या रानात सोडू नका, बंदिस्त पाळा. गोठा बांधा, चारा पेरा, कर्ज काढा."

साहेब, गोठा कुठं बांधायचा? चारा कुठं पेरायचा? ज्या दोन एकरांत आम्ही नागली-वरई करतो तिला तुम्ही अतिक्रमण म्हणता. सातबारा नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने राज्यांना पत्र धाडलं, की जंगलातली अपात्र अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत काढून टाका. एका हाताने जमीन काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने चारा पेरायचं शिक्षण द्यायचं, ही कुठली शाळा?

साथींनो, यातली मेख ओळखा. आज आपण "आमच्या शेळ्या बांधूनच असतात" असं लिहून दिलं, तर उद्या चराईचा हक्क मागताना तोच कागद पुढे येईल. रानात चरणारी शेळी ही या रानावरच्या आपल्या वहिवाटीची साक्ष आहे. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की हाच बोकड विकून दाणे येतात, कोर्टाच्या तारखेचं भाडंही त्यातूनच निघतं. बोकडाचा भाव पडला की जमिनीची लढाईसुद्धा अडते.

गावबाजार चालवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यावा, असं आदिवासी स्वशासनाच्या १९९६ च्या कायद्यात लिहिलं आहे. तो अधिकार वापरू या. प्रत्येक ग्रामसभेत हे ठराव करा:

१) बाजाराच्या दिवशी सकाळी पशुवैद्यकीय डॉक्टरने बाजारात यावं. कापण्याआधी आणि कापल्यावर तपासावं, शिक्का तिथंच मारावा.

२) कापण्यासाठी सिमेंटचा ओटा, पाणी आणि गटार आदिवासी उपयोजनेच्या पैशातून बांधावं.

३) बोकड अंदाजाने घेणं बंद. बाजारात वजनकाटा हवा.

४) शिबिर पाड्यावर, आवणी-कापणी सोडून, आमच्या बोलीत. बायकांना आधी बोलवा.

५) शेळ्यांची चराई बंद करणारा कुठलाही कागद ग्रामसभेला विचारल्याशिवाय चालणार नाही.

तोवर एवढं करा. कुणी दाखल्याच्या नावाने पैसे मागितले तर विचारा, "नियम दाखव, पावती दे." एकट्याने विचारू नका, चार जण मिळून विचारा. आणि अंगठा किंवा सही करण्याआधी कागद शिकलेल्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या.

ठरावाची एक प्रत संघटनेकडे पाठवा. सगळे ठराव एकत्र घेऊन आपण तहसील कचेरीवर जाणार आहोत. जिथं डॉक्टर येत नाही तिथं मोर्चा जातो!

जिंदाबाद!